वीस गुंठ्यांतलं पीक

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं म्हणून खटाव तालुक्यातल्या एका गावी भल्या सकाळीच पोचलो. ट्रायकोडर्मा, रायझोबियमची पाकिटं, गूळ, घमेलं असं सगळं सामान मोटारसायकलला बांधलेलं. शेतकरी मंडळी धारा काढून यायची होती. तेवढ्या वेळात ओढ्याकडेचं एक रान बघून यावं असं मनात होतं. ई-पीक पाहणीत त्या गटातले २० गुंठे ‘पड’ लागले होते. जमीन मध्यम काळी, बांधाला विहीर, विहिरीला पाणी. कोरडवाहू भागात असली जमीन पड ठेवणारा मालक कोण, हे बघायचं होतं.

रानाजवळ गेलो तर शिट्टी ऐकू आली. रोलर फिरवून केलेलं टणक मैदान, कडेनं चुन्यानं आखलेली धावपट्टी आणि त्यावर चौदा पोरं पळत होती. मध्यभागी पंचाहत्तरी ओलांडलेला एक ताठ म्हातारा उभा. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर, हातात जुनं मनगटी घड्याळ. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले जुने फौजी.

मी नमस्कार करून विचारलं, “आबा, एवढं चांगलं रान पड का ठेवलंय?”

“पड कुठाय, भाऊसाहेब? चौदा पोरं उभी हायत की त्यात.”

वीस गुंठ्यांच्या कडेनं नऊ फेऱ्या मारल्या की १६०० मीटरला थोडं जास्तच होतं. सैन्यभरतीला पळायचं ते एवढंच. आधी ही पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळायची. उसाच्या ट्रॉल्या, मालट्रक, अंधार. एकाला वाहनाचा धक्का बसला तेव्हा आबांनी घरात न विचारता रोलर बोलावला. “मंडळी महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी,” असं सांगून ते हसले.

सगळी पोरं पळून झाल्यावर एका रांगेत बसली आणि बूट-मोजे काढून तळपाय पुढं केले. आबा वाकून प्रत्येकाचा पाय बघत चालले. एका पोराच्या टाचेला मोठा फोड आला होता, फुटून लाल झालेला. त्यानं पाय मागं ओढला.

“कवापासनं?”

“चार दिस झालं, आबा.”

“सांगितलं का न्हाईस?”

पोरगं गप्प. आबांनी त्याला आठवडाभर पळणं बंद सांगितलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. भरती तोंडावर आली होती.

प्रात्यक्षिक झाल्यावर आबांनी मला घरी नेलं. चहा घेताना ते पाय बघण्याचं काय, असं मी विचारलं. त्यावर ते जे बोलले ते इथं देतो, कारण आपल्या जिल्ह्यात अपशिंगेसारखी फौजींची गावं आहेत आणि पहाटे पळणारी पोरं तर गावोगावी आहेत.

आबा १९६६ साली भरती झाले. वय सतरा संपत आलेलं. घरी सहा एकर कोरडवाहू, खाणारी तोंडं नऊ. छाती मोजली, वजन केलं, आणि पॅराशूट रेजिमेंटसाठी निवड झाली. पॅराशूट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. या रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर त्या काळी आग्र्याला होतं. १९९२ मध्ये ते बंगळूरला गेलं. कोरेगावहून पुण्यापर्यंत मीटरगेजची छोटी गाडी आणि तिथून पुढं मोठी गाडी. सोबत आईनं बांधून दिलेल्या भाकरी. त्या मनमाडच्या पुढं वाळून कडक झाल्या तरी टाकल्या नाहीत.

“आग्र्याला उतरलो तवा ताजमहाल बघायचा म्हणून सगळे खूश,” आबा सांगत होते. “ताजमहाल सात महिन्यांनी बघितला. त्याआधी नुसता रगडा.”

उस्ताद पंजाबी हवालदार. १ पॅराचे. या पलटणीनं २८ ऑगस्ट १९६५ रोजी काश्मिरातली हाजी पीर खिंड घेतली होती. रात्रभर पावसात डोंगर चढून सकाळी शत्रूच्या अंगावर गेलेली ही माणसं. उस्ताद त्या चढाईत होते. पण हे पोरांना महिनोन्‌महिने कळलं नाही, कारण ते स्वतःबद्दल कधी बोलत नसत.

पहाटे चारला शिट्टी. दाढी, बूट, बिस्तर, सगळं आरशासारखं. मग दौड, मग पीटी, मग ड्रिल, मग थ्री नॉट थ्री रायफल घेऊन मैदान. एकाची चूक झाली की सगळ्या सेक्शनला सजा. कोपरांवर सरपटत जाणं, रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा, फ्रंट रोल मारून मारून पोटातलं बाहेर यायचं. हिंदी कुणाला धड येत नव्हती. “‘पीछे मुड’ म्हणलं की आमी निम्मे उजवीकडं, निम्मे डावीकडं. उस्ताद म्हणायचा, तुम्हारे गाँव में बैल भी इससे अच्छा मुडता है. मी मनात म्हणायचो, खरं हाय, आमचा ढवळ्या लई शहाणा हुता.”

जेवायला रोटी. भाकरीची सवय असलेल्या पोटाला पहिला महिनाभर ती पुरायची नाही. रात्री बराकीत पोरं पांघरुणात तोंड घालून रडायची. एकमेकांना ऐकू यायचं, पण कुणी बोलायचं नाही.

दुसऱ्या महिन्यात आबांच्या दोन्ही टाचांना फोड आले. गावाकडं अनवाणी फिरलेला पाय, त्याला बूट चावला. डॉक्टरकडं गेलो तर मागं पडू आणि पुढच्या तुकडीत टाकतील, ही भीती. मोज्यात कापूस घालून पळत राहिले. पाचव्या दिवशी मोजा रक्तानं पायाला चिकटला. संध्याकाळी उस्ताद नेहमीसारखे पाय बघायला आले. कंदील खाली धरून त्यांनी पाय पाहिला आणि काही न बोलता निघून गेले. कोमट मिठाचं पाणी घेऊन परत आले. टमरेल खाली ठेवलं, पाय त्यात बुडवून बसवलं आणि स्वतः हातानं मोजा सोडवला.

“मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभा केला. म्हणाला, याच्या पायाला फोड आला, त्याची सजा नाही. यानं फोड लपवला, त्याची सजा आहे. लढाईत हा वाटेत बसला तर याला उचलायला दोन माणसं लागतील. तीन रायफली कमी होतील. मग पाय बरा होईपर्यंत पंधरा दिवस लंगरात कांदे चिरायला बसवलं.”

कांदे चिरता चिरता पोरगं विचार करायला लागलं. ज्या माणसाला आपण राक्षस समजत होतो, त्याला सेक्शनमधल्या प्रत्येकाचे पाय पाठ आहेत. कुणाला घरून पत्र आलं नाही, कुणाचं जेवण कमी झालंय, कुणाला रात्री खोकला येतो, सगळं ठाऊक. दौडीच्या आधी सगळ्यांनी पाणी प्यायलं का, हे तो स्वतः उभा राहून बघायचा. उन्हाळ्यात आग्र्याची लू सुरू झाली की दौडीची वेळ बदलायचा. पण एकदा दौड सुरू झाली की दया नाही.

कसम परेड झाली. मग छत्रीचं शिक्षण आग्र्याच्याच पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. आधी जमिनीवर लोळायचं कसं, पाय जुळवून गुडघे मऊ कसे ठेवायचे, तेच हजारदा. मग मालपुऱ्याच्या मैदानावर पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. पहिल्या उडीला विमानाचं दार उघडलं आणि वारा आत शिरला. आबा म्हणाले, “खाली रानं दिसली, चौकोन चौकोन. आमच्याच रानासारखी. भीती वाटली का? लई वाटली. पर मागनं उस्तादचा आवाज आला आणि पाय आपोआप जुळले.”

नेमणूक २ पॅरात झाली. ही पलटण मूळची मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे हे याच बटालियनचे. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये २ पॅरा झाली.

पुढं ११ डिसेंबर १९७१. लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या हाताखाली २ पॅरानं पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला उड्या घेतल्या. डमडम आणि कलाईकुंड्याहून विमानं उठली होती. पुंगलीचा पूल घ्यायचा आणि मैमनसिंगकडून ढाक्याला माघारी निघालेल्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची, हे काम. आबा भाताच्या खाचरात उतरले, गुडघाभर चिखलात. गावातले लोक धावत आले. आधी भीती वाटली, पण ते तर पडलेलं सामान उचलू लागायला आले होते. पूल घेतला, रात्रभर राखला. उत्तरेकडून जमिनीवरून येणारी मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, पुलावर येऊन मिळाली. “अंधारात मराठीतली शिवी ऐकली आणि जीव भांड्यात पडला.” १६ डिसेंबरला ते ढाक्यात होते.

लढाई जिंकून १९७२ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तर गाव दुष्काळात. आई आणि भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होते. छातीवर पदकाची फीत लावून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी आईच्या जागी खडी फोडायला बसला. ही गोष्ट त्यांनी टांगाईलपेक्षा हळू आवाजात सांगितली.

मग बराच वेळ गप्प बसले. मी उठायच्या बेतात होतो.

“भाऊसाहेब, एक राहिलं. पुढं मी सोता उस्ताद झालो. कुठं, कवा, ते लिवू नका. माझ्या उस्तादापेक्षा मी कडक हुतो. मला त्याचा आवाज तेवढा आला हुता, कंदील न्हाई आला.”

मे महिना होता. एका पोरानं सकाळी सांगितलं, उस्ताद, अंगात कणकण आहे. आबांना वाटलं, बहाणा. त्याला पळवलं. तिसऱ्या मैलाला पोरगं भेलकांडलं, बरळायला लागलं आणि पडलं. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घाम बंद. दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पण मूत्रपिंडाला इजा झाली आणि तो नोकरीला अपात्र ठरून घरी गेला. शेतकऱ्याचंच पोर होतं ते.

“त्याच्या बापाला मी पत्र लिवलं. माझी चूक झाली, असं लिवलं. उत्तर आलं न्हाई. का यावं?”

१९९४ ला निवृत्त झाल्यावर गावात ते नुसते शेतकरी होते. मैदानाच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण चार वर्षांपूर्वी त्यांनी भर उन्हात प्लॅस्टिकचं जर्किन घालून पळणारं एक पोर पाहिलं. घाम गाळला की स्टॅमिना वाढतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याला हाताला धरून सावलीत बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठू लागले.

मीही एकेकाळी भरतीला उभा राहिलेला माणूस आहे. अठराव्या वर्षी कोल्हापूरला गेलो, आदल्या रात्री फुटपाथवर झोपलो, उपाशीपोटी पळालो आणि शेवटच्या फेरीत बाहेर पडलो. मग कृषी पदविकेला गेलो. इतकी वर्षं मला वाटायचं की मी कमी पडलो. आबांनी एवढंच विचारलं, “आदल्या दिवशी काय खाल्लं हुतंस?” मला उत्तर देता आलं नाही.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. घोषणेच्या वेळी साडेसतरा ते २१ वय, चार वर्षांची सेवा आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच पोरांना पुढं कायम करण्याची तरतूद. मैदानाआधी संगणकावर लेखी परीक्षा असते. पळण्यात पहिल्या गटाचे पूर्ण गुण हवेत तर १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत. योजनेबद्दल आबांचं स्वतःचं मत आहे, ते गावात मोकळेपणानं बोलतात. पण मैदानावर नाही. “नोकरी चार वर्षांची असू दे न्हाईतर अठ्ठावीस, पाय त्योच हाय,” एवढंच म्हणतात.

त्यांच्या वीस गुंठ्यांत नियम थोडेच आहेत. ताप, कणकण, जुलाब असेल त्यानं पळायचं नाही. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत मैदान रिकामं. पळण्याआधी आणि नंतर पाणी. जर्किन, पोतं अंगावर नाही. कुणी बरळायला लागला, अंग तापून घाम थांबला तर लगेच सावली, अंगावर गार पाणी आणि वेळ न घालवता दवाखाना. तालमीनंतर भिजवलेले हरभरे आणि गूळ, महागडी पावडर नाही. दुपारी दोन तास पुस्तक. आणि रोज पाय दाखवायचे.

ग्रामपंचायतींना आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक विनंती. आपल्या गावची पोरं पहाटे कुठं पळतात, ते एकदा जाऊन बघावं. रस्त्यावर पळत असतील तर शाळेचं मैदान असेल, पडून असलेली सार्वजनिक जागा असेल, तिथं रोलर फिरवून द्यावा आणि पाण्याचा नळ बसवावा. गावात जुने फौजी असतील तर त्यांना बोलवावं. फार खर्चाचं काम नाही हे.

निघताना परत त्या रानावरून गेलो. टाचेला फोड आलेलं पोरगं बांधावर बसलं होतं. पाय घमेल्यात, कोमट मिठाच्या पाण्यात. मांडीवर गणिताचं पुस्तक. पुढ्यात पाटीभर कांदे आणि विळी. आबांच्या घरचे असावेत.

ई-पीक पाहणीत त्या वीस गुंठ्यांची नोंद ‘पड’ अशीच राहिली. दुसरा रकाना मला सापडला नाही.