आधी पत्ता, मग इंटरनेट

प्रतिनिधी

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये २०२२-२३ पासून भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. नोकरीसाठी जाणारेही कमी नाहीत. व्हिसा मिळाला की चिंता मिटली, असा यातील अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथे उतरल्यावर सारे काही एका कागदापाशी अडते. तो कागद म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. या नोंदणीला जर्मन भाषेत 'आनमेल्डुंग' म्हणतात.

घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ही नोंदणी करणे बंधनकारक असून, ती टाळल्यास एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. केवळ भाडेकरार चालत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार हे प्रमाणपत्र देणे घरमालकावर बंधनकारक आहे. तरीही अल्पमुदतीने खोली देणारे अनेकजण ते नाकारतात. म्हणूनच 'या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?' हा प्रश्न भारतातूनच विचारून घ्यावा.

खरा पेच पुढे आहे. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ बहुधा इंटरनेटवरून घ्यावी लागते आणि घरी इंटरनेट घ्यायचे तर पत्ता व बँक खाते हवे. काही बँका खात्यासाठी पुन्हा नोंदणीचाच दाखला मागतात! प्रीपेड सिमकार्ड हा यावरचा तात्पुरता उपाय. मात्र २०१७ पासून तेही ओळख पटवल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे पासपोर्ट जवळ असावा. अनेक शहरांत ११५ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही सरकारी कार्यालयांची माहिती मिळते.

नोंदणीनंतर ११ आकडी करक्रमांक टपालाने येतो. तो कंपनीला वेळेत न दिल्यास पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. तेथील इमारतींत घरांना बहुधा क्रमांक नसतात. टपालपेटीवरील आडनाव पाहूनच पत्र टाकले जाते. पेटीवर नाव नसेल, तर हे महत्त्वाचे पत्र परत जाते.

इंटरनेटचा पहिला करार २४ महिन्यांपर्यंतचा असू शकतो. वर्षभरासाठीच जाणाऱ्यांनी दरमहा रद्द करता येणारी योजना निवडावी. डिसेंबर २०२१ पासून ग्राहकांना आणखी एक हक्क मिळाला आहे. जोडणीसाठी ठरल्या वेळी तंत्रज्ञ आला नाही, तर १० युरो किंवा मासिक शुल्काच्या २० टक्के, यातील जी रक्कम अधिक असेल ती भरपाई म्हणून मागता येते.