ग्वाल्हेरच्या उन्हाला कामाला लावा!

मे महिन्याच्या दुपारी ग्वाल्हेरला पारा ४४-४५ अंशांवर चढतो. गरम वाऱ्याची लू सुटते आणि लश्कर भागातला गजबजलेला बाजारही ओस पडतो. शिंद्यांच्या काळापासून इथे राहणारी मराठी घरं आहेत ना, त्यांच्या खिडक्यांना बाहेरून पत्र्याचे भलेमोठे डबे लावलेले दिसतील. तेच कूलर!

आत काय असतं? एक पंखा, एक चिमुकला पंप, तळाशी पाणी आणि तीन बाजूंना ओल्या जाळ्या. बस्स! बर्फ नाही, गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. तरी ४४ अंशांची हवा आत शिरते आणि २८-३० अंशांची होऊन खोलीत येते. मग मधली उष्णता गेली कुठे?

ती पाण्याने गट्ट केली. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यातून सुटून वाफ व्हायचं तर ऊर्जा हवी, आणि ती ते शेजारच्या हवेकडून घेतात. थोडीथोडकी नव्हे हं! दीड लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ १ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. आणि ती कोण पुरवतं? तुम्हाला छळणारी तीच गरम हवा! विजेला फक्त पंखा आणि पंप चालवायचा असतो. माठातलं पाणीही असंच गार होतं, तिथे तर वीजही लागत नाही.

आता हिशेब. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट. घरातला कूलर साधारण २०० वॉटचा, म्हणजे १ युनिटात पाच तास. दीड टनाच्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालला तर सुमारे १५०० वॉट घेतो, म्हणजे ४० मिनिटांत युनिट खलास.

मग मुंबईची मामी कूलर का घेत नाही? कारण तिथली हवा आधीच पाणी पिऊन तुडुंब. तिच्यात आणखी वाफ मावणार कुठे? ग्वाल्हेरची मे महिन्यातली हवा मात्र तहानलेली असते. जुलैत पाऊस आला की इथला कूलरही चिकचिक करायला लागतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. एसी असलाच तर २४ अंशांवर ठेवावा. २०२० पासून भारतात नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात. पुढे एकेक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

बऱ्याच घरी एक गंमत घडते. कूलर लावतात आणि गारवा पळेल म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतात! ओली हवा आतच कोंडते आणि मग घाम वाळत नाही. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच.

कूलर वीज वाचवतो, पण पाणी पितो, हेही खरं. ग्वाल्हेरचं पाणी येतं तिघरा धरणातून.  तेव्हा कूलरची टाकी ओसंडू देऊ नका. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथे बाळंतपण करतील. आणि ते काढलेलं पाणी? कुंड्यांना घाला की!