झील कुठे गेली?

गेल्या दसऱ्यानंतर आमच्या सुलतानपूरपासून जवळच भरलेल्या एका जत्रेत एक जुना तमाशाचा फड उतरला होता. फडाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. वाटणीवरून फुटलेली ही मंडळी पुष्कळ वर्षांनी ‘पुन्हा एकत्र’ येत आहेत, असे रिक्षाच्या भोंग्यावरून दोन दिवस गावोगाव सांगत होते. माझ्या वडिलांनी तरुणपणी या फडाचे खेळ लोणार-मेहकरच्या वाटेवर बैलगाडीच्या धुऱ्यावर बसून पाहिलेले. आमच्या घरात पुस्तके नव्हती, पण या फडाचे वग मी वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की तेच माझे पहिले वाङ्मय. म्हणून दोन तिकिटे मी माझ्या शिष्यवृत्तीतून काढली.

आठचा खेळ पावणेनऊला सुरू झाला. पडदा वर गेला तेव्हा वडिलांनी शिट्टी मारली. त्यांना शिट्टी मारताना मी जन्मात प्रथमच पाहिले! पण गण संपेपर्यंत ते गप्प झाले होते. गौळण आटोपती घेतली, बतावणीत सोंगाड्या दोनदा अडखळला आणि पुढे सिनेमाची गाणी. वग झालाच नाही. परत येताना मोटारसायकलवर वडील एकच वाक्य बोलले, “झीलवाला कुठी होता बे?”

या प्रश्नाने मला विचारात पाडले. तमाशात झीलकरी मागे उभा असतो. मुख्य गायकाने ओळ सोडली की तिचे शेवटचे टोक तो उंच सुरात उचलतो आणि गायकाला श्वास घ्यायला सवड मिळते. शेजारी सुरत्याचे तुणतुणे चालू असते. जाहिरातीवर यांची नावे कधीच छापत नाहीत. फड पुन्हा उभा करताना मालकांनी नायिका आणली, सोंगाड्या आणला, ढोलकीवाला आणला. झीलकऱ्यांना मात्र कोणी बोलावले नसावे. त्यामुळे साठीच्या गायिकेला प्रत्येक ओळ एकटीने पेलावी लागली आणि तिसऱ्या कडव्याला तिचा दम तुटला.

दुसरी गोष्ट पट्टीची. वय वाढले की आवाज खाली येतो. ऑर्गनवाल्याचे सोपे असते, तो एक कळ दाबून पट्टी उतरवतो. ढोलकीचे तसे नाही. तिची उजवी, शाईची पुडी उंच सुराला ताणलेली असते, म्हणून तर ती तंबूबाहेर ऐकू जाते. ती उतरवली की कडकडाट जातो आणि नुसती थापड उरते. त्या रात्री तसेच झाले. लोकांना वाटले वादक म्हातारा झाला.

बतावणीचे तर लिहिलेले काही नसतेच. समोरचा कुठे थांबेल हे ठाऊक असावे लागते. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, हे जुळे भाऊ आयुष्यभर एकाच बोर्डावर उभे राहिले, म्हणून त्यांचा विनोद साधायचा. वर्षानुवर्षे न बोललेल्या दोघांकडून चार दिवसांच्या तालमीत तो कसा साधावा?

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. विलायतेत लेड झेपेलिन नावाचा रॉक वाद्यवृंद होता. त्यांचा ड्रमवादक जॉन बोनम १९८० साली वारला आणि वाद्यवृंद मोडला. १९८५ साली फिलाडेल्फियाच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात उरलेले तिघे अपुऱ्या तालमीनिशी, उसन्या दोन ड्रमवादकांना घेऊन उभे राहिले. गळा बसलेला, गिटार बेसूर. पुढे त्या कार्यक्रमाच्या अधिकृत डीव्हीडीत आपला भाग घ्यायला त्यांनीच नकार दिला. २००७ साली लंडनला ते पुन्हा आले तेव्हा मात्र भरपूर तालीम केली आणि ड्रमवर बोनमचा मुलगा जेसन बसला. तो कार्यक्रम गाजला. ही माहिती मी मोबाईलवर शोधून काढली आणि वडिलांना सांगितली. ते म्हणाले, “मंग, पोराले बापाचा ठेका माहीतच राहीन ना!”

वगाबद्दल मात्र फडाला दोष देता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सणासुदीच्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. पहाटेपर्यंत रंगणारा वग सव्वा तासात कोंबायचा कुठे? शिवाय आमच्याच वयाची पोरे पुढे बसून सिनेमाच्या गाण्यांसाठी ओरडत होती. त्यांत माझे दोन वर्गमित्र होते. मी त्यांना गप्प केले नाही, हेही लिहिले पाहिजे.

त्या रात्री घरी पोचल्यावर मी वडिलांना म्हणालो, “बाबा, उगीच पैसे गेले.” ते खाटेवर आडवे होत म्हणाले, “झोप आता. सकायी सोंगणीले जा लागते.” सकाळी सोयाबीनच्या तासात ते माझ्या पुढे होते. थोड्या वेळाने त्यांनी तीच गौळण धरली, अर्धवट, मधल्या ओळी गाळून. फक्त ओळींची शेवटची टोके तेवढी ते उंच सुरात उचलत होते.