परसातले कासव

विहिरीत कासव असले की पाणी स्वच्छ राहते, असे आपले वाडवडील म्हणत. आपल्याकडचे पाणकासव किडे, गोगलगायी, मेलेले मासेही खाते, हे खरेच. आता नागपूरच्या मनीषनगरासारख्या वस्तीतही घरामागे जरा जागा असली, की मुलांना तिथे कासव हवे असते.

हौस समजण्यासारखी आहे. कासव भुंकत नाही, दाराशी घाण करत नाही. संध्याकाळी चार पावले टाकते, मान काढून इकडेतिकडे बघते, आणि त्याला बघण्यात तास कसा जातो कळत नाही. पण आपण त्याला प्रेमाने देतो काय? भात, पोळी, दूध! पाठीवर चांदण्या असलेले कासव गवत-पाल्यावर जगणारे. असल्या खाण्याने आणि उन्हाअभावी त्याची पाठ वेडीवाकडी वाढते. ती पाठ म्हणजे त्याचा कणा आणि बरगड्याच. वरून घातलेली टोपली नव्हे.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ही दोन्ही कासवे पाळण्यास मनाई आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे कैदेची. कासवाने पैशाचा पाऊस पडतो म्हणून कोणी विकायला आला, तर त्याला वाटेला लावा.

घरात असेलच, तर गुपचूप नदीत सोडू नका. चांदण्यांचे कासव जमिनीवरचे, ते बुडेल. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

उन्हाळ्यात तळे आटले, की पाणकासव चिखलात स्वतःला पुरून घेते. नांगराखाली एखादे निघाले, तर मुलांना बोलवा, दुरून पोटभर बघू द्या, आणि बांधाकडच्या ओल्या मातीत अलगद ठेवून द्या.