स्वस्तातली शांतता : ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन कितपत उपयोगी?

खानदेशातल्या अनेक घरांतील मुले आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आहेत. सुटी लागली की रात्रीची बस पकडून ती घरी येतात आणि तशीच परत जातात. सात-आठ तासांच्या या प्रवासात इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट आणि पुढे लावलेला चित्रपट यांवर मात करण्यासाठी कानात इअरफोन जातो, आणि आवाजाची पट्टी हळूहळू वर सरकते. पहाटे उतरल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, थोडे दडे बसल्यासारखे वाटते. दुपारपर्यंत ते ओसरते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. परंतु ती शिट्टी म्हणजे अंतर्कर्णाने केलेली तक्रार असते.

अलीकडे अशा मुलांचे पालक दवाखान्यात एक प्रश्न विचारू लागले आहेत. ‘नॉइज कॅन्सलिंग’ असे लिहिलेले हेडफोन आता दीड-दोन हजार रुपयांत मिळतात. ते खरेच चालतात का, आणि त्यांनी कानाला अपाय तर होत नाही ना? थोडक्यात उत्तर असे की प्रवासात ते चांगले चालतात, घरात मध्यम चालतात, आणि रस्त्यावर ते वापरूच नयेत. त्यांच्यामुळे आपण आवाजाची पट्टी खाली आणणार असू, तरच ते पैसे आरोग्यासाठी खर्च झाले असे म्हणता येईल.

गोंगाट पुसला जातो तो कसा?

ही कल्पना नवी नाही. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला आवाजाने आवाज शमवण्याच्या युक्तीसाठी १९३६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातल्या घरघरीमुळे संगीत नीट ऐकू येईना, म्हणून बंगाली पित्याचे पुत्र असलेले प्रा. अमर बोस यांनी विमानातच या विषयाचे गणित मांडायला घेतले. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. त्या काळी केवळ वैमानिकांना परवडणारे हे तंत्र आज इलेक्ट्रॉनिक चिप स्वस्त झाल्यामुळे आपल्या खिशात आले आहे.

आवाज म्हणजे हवेतील लाटा. एका लाटेचा उंचवटा जिथे आहे, तिथेच दुसऱ्या लाटेचा खळगा आणून बसवला, तर पाणी सपाट होईल. हेडफोनमधला सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्याच्या नेमकी उलटी लाट तयार करते आणि ती कानात सोडते. दोन्ही लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. ही उलटी लाट म्हणजे कोणताही घातक किरण नव्हे, तो साधा आवाजच असतो. कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा एकूण आवाज त्यामुळे घटतो. मेंदूला अपाय होईल ही भीती म्हणूनच निराधार आहे. ब्लूटूथच्या लहरींची शक्तीदेखील मोबाइलच्या लहरींच्या मानाने फारच कमी असते. काही जणांना मात्र हे यंत्र सुरू करताच कानात दाब आल्यासारखे किंवा किंचित गरगरल्यासारखे वाटते. त्यांनी त्याची तीव्रता कमी करावी, आणि तरीही त्रास राहिल्यास ते बंद ठेवावे.

काय थांबते आणि काय थांबत नाही?

लांब, जड आणि एकसुरी लाट चिपला सहज ओळखता येते. आवाज जितका बारीक व अचानक, तितके त्याची नेमकी उलटी लाट वेळेत तयार करणे अवघड. म्हणून हे यंत्र घरघर चांगली शमवते आणि किंचाळी जवळपास तशीच ठेवते.

प्रवासात हा गुण कामी येतो. एसटीच्या इंजिनाची घरघर, धुळे-चाळीसगाव मेमूच्या डब्यातला चाकांचा घणघणाट, जळगावहून उडणाऱ्या एटीआर विमानाच्या पंख्यांचा घुमणारा आवाज, वातानुकूलित बसमधल्या यंत्राची हवा हे सारे खर्जातले आणि अखंड आवाज आहेत. स्वस्त हेडफोनही त्यांतला मोठा वाटा कमी करतो. गाणे न लावता नुसते यंत्र सुरू ठेवले तरी प्रवासाचा शीण कमी जाणवतो आणि डोळा लागतो. विमान उतरताना कानात दडे बसून होणारी वेदना मात्र याने थांबत नाही. ती हवेच्या दाबाची आहे, आवाजाची नव्हे. त्यासाठी आवंढा गिळणे किंवा जांभई देणे हाच उपाय.

घरात परिस्थिती संमिश्र असते. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत चालणारा कूलर हा या यंत्राच्या परीक्षेचा उत्तम विषय आहे. त्याची जड घरघर विरते, हवेची सळसळ मात्र थोडी उरते. पंखा, पाण्याची मोटर, शेजारची पिठाची गिरणी यांचेही तसेच. याउलट कुकरची शिट्टी, मिक्सरचा कर्कश सूर, बाळाचे रडणे, रस्त्यावरचे हॉर्न आणि माणसांचे बोलणे आत येतच राहते. ते काहीसे दबते, पण ते मुख्यतः कानात घट्ट बसलेल्या रबरी बोंडामुळे. अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्याने शेजाऱ्यांची कुजबूज पूर्ण थांबेल या आशेने पैसे घालवू नयेत.

पाकिटावरची अक्षरे आणि आकडे

खरेदीतली पहिली फसगत अक्षरांची होते. पाकिटावर ‘एएनसी’ असेल तर आपल्या कानातला गोंगाट कमी होतो. ‘ईएनसी’ असेल तर फोनवर पलीकडे बोलणाऱ्याला आपल्याभोवतीचा गोंगाट कमी ऐकू येतो. आपल्या कानाला त्याचा काहीही लाभ नाही. हजार रुपयांच्या आतल्या अनेक पाकिटांवर ‘नॉइज कॅन्सलेशन’ हे शब्द मोठे आणि ‘ईएनसी’ ही अक्षरे बारीक असतात. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे.

दुसरी गोष्ट डेसिबलच्या आकड्याची. ‘३२ डेसिबलपर्यंत’, ‘५० डेसिबलपर्यंत’ यांतला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या एखाद्या सुरावर यंत्र सर्वांत प्रभावी ठरते, तिथला तो आकडा असतो. सर्व आवाज तेवढे कमी होत नाहीत. महाग आणि स्वस्त यांतला फरकही इथेच आहे. महाग यंत्र अधिक विस्तृत पट्ट्यातले आवाज शमवते, वाऱ्यात कमी फरफरते आणि स्वतःचा ‘स्स’ असा आवाज कमी करते. खर्जातली घरघर शमवण्याच्या मूळ कामात हे अंतर गेल्या काही वर्षांत बरेच कमी झाले आहे.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बसण्याची. कान आणि बोंड यांत फट राहिली, तर उत्तम यंत्रही कुचकामी ठरते. पाकिटात तीन मापांची बोंडे असतात. ती सगळी घालून पाहावीत. दोन कानांना वेगवेगळी मापे लागणेही स्वाभाविक आहे. कान पूर्ण झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनखाली चष्म्याची काडी आली की फट पडते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात त्याच्या गादीखाली घाम साचतो. थंडीच्या प्रवासात आणि कानात बोंड सहन न होणाऱ्यांना मात्र तोच प्रकार सोयीचा.

खरा लाभ : पट्टी खाली येणे

आता आरोग्याचा मुख्य मुद्दा. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. अतिआवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. यापुढचे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ डेसिबलला आठवड्यात अवघे अडीच तास.

बसच्या घरघरीवर मात करण्यासाठी आपण गाणे त्या घरघरीच्याही वर नेतो. रोज दोन तास ८९ डेसिबलवर ऐकणारा तरुण आठवड्यात चौदा तास ऐकतो, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. बाहेरची घरघर यंत्राने घटवली, तर तेच गाणे आठ-दहा डेसिबल खाली स्पष्ट ऐकू येऊ शकते. दिसायला हा बदल फोनवरच्या दोन-तीन पायऱ्यांचा आहे. परंतु नऊ डेसिबलची घट म्हणजे सुरक्षित वेळ आठपट. या यंत्राचा आरोग्याला असलेला लाभ एवढाच आणि इतका मोठा आहे. यंत्र घेऊनही पट्टी जुन्याच जागी राहिली, तर लाभ शून्य.

म्हणून एक घरगुती परीक्षा करावी. शांत खोलीत आपल्याला गाणे कोणत्या पायरीवर सुखद वाटते ते पाहून ठेवावे. मग कूलरशेजारी उभे राहून यंत्र बंद ठेवून आणि नंतर सुरू करून तेच गाणे ऐकावे. यंत्र सुरू केल्यावर बोट शांत खोलीतल्या पायरीच्या जवळपास थांबत असेल, तर खरेदी योग्य. नसेल तर परतीची मुदत संपण्याआधी वस्तू परत करावी.

जिथे ते वापरूच नये

जे यंत्र खर्जातले आवाज पुसते, ते मागून येणाऱ्या ट्रकची घरघरही पुसते. धुळे हे महामार्गांच्या संगमावर वसलेले शहर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही मार्गांची अवजड वाहतूक इथून जाते. दुचाकी चालवताना, सायकलवर, रस्ता ओलांडताना किंवा पहाटे महामार्गाच्या कडेने फिरताना हे हेडफोन कानात असणे जिवावर बेतू शकते. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात रेल्वे फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसून १३ मुले दगावली. चालकाच्या कानात इअरफोन असल्याचे तेव्हा प्राथमिक चौकशीत पुढे आले होते. ते साधे इअरफोन असोत वा आधुनिक, धडा एकच आहे. बाहेरचे ऐकू येण्याची सोय, म्हणजे ‘ट्रान्सपरन्सी’, असलेल्या यंत्रावरही रस्त्यावर विसंबू नये.

मिरवणुकीतल्या डीजेपासून किंवा यंत्रमागाच्या खडखडाटापासून संरक्षण म्हणूनही ही यंत्रे वापरू नयेत. ती त्यासाठी बनवलेली नसतात. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा १९४८ च्या कारखाने कायद्यातील नोंद करण्याजोग्या आजारांपैकी एक आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांनी प्रमाणित कर्णरक्षकच मागून घ्यावेत. मिरवणुकीसाठी औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे साधे इअरप्लग अधिक खात्रीचे आणि कितीतरी स्वस्त. तान्ह्या बाळाच्या कानात काहीही घालू नये. त्याला गोंगाटापासून दूर नेणे हाच उपाय.

घरात वृद्ध आई-वडील किंवा लहान मूल असेल, तर एक कान मोकळा ठेवावा. पडल्याची हाक ऐकू न येणे ही किंमत शांततेसाठी फार मोठी आहे.

कानाची निगा

घट्ट बसणारे बोंड कानात ऊब आणि ओल कोंडते. उन्हाळ्यातला घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा यांत त्यामुळे कानात बुरशी धरते, खाज सुटते. बोंडे दर आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत, पूर्ण वाळवून मगच बसवावीत आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊ नयेत. आंघोळीनंतर लगेच ती कानात घालू नयेत. बोंड मळ आत ढकलते; तो काढायला कापसाची काडी वा हेअरपिन वापरू नये, डॉक्टरांना दाखवावे. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, त्यांनी बोंडाचे इअरफोन वापरू नयेत.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत दिलेल्या सूचनेनुसार हेडफोनचा वापर दिवसात दोन तासांपेक्षा जास्त नसावा, आणि तोही मधून मधून विश्रांती घेऊन. बसमध्ये झोपताना गाणे बंद करून नुसते यंत्र सुरू ठेवता येते, ही सवय मुलांना जरूर लावावी.

शेवटी दोन सूचना. कानातली शिट्टी दोन दिवसांहून अधिक राहिली, किंवा टीव्हीचा आवाज घरात फक्त एकालाच कमी वाटू लागला, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि एका कानाने अचानक, काही तासांत वा एका रात्रीत ऐकू येईनासे झाले, तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये. ही तातडीची बाब आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पोहोचल्यास श्रवण परत येण्याची शक्यता बरीच वाढते. धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग आहे.

पुढच्या वेळी मुले घरी येतील, तेव्हा हेडफोन कोणत्या कंपनीचा आणि केवढ्याचा हे विचारण्याआधी बसमध्ये त्यांची पट्टी कितीवर होती, एवढे विचारून पाहा.