क्योतोची रक्तपिपासू मियू

सुळे, शवपेटी, काळा झगा? तो नेहमीचा थाट इथे नाही. ‘व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू’ (1988) ही थेट व्हिडिओवर आलेली चार भागांची जपानी ॲनिमे मालिका. नायिका किमोनोतली अनवाणी पोरगी. माणसांत लपलेल्या शिन्मांना, म्हणजे देव-दानवांना, अंधारात परत धाडणं हे तिचं काम. सोबतीला मुखवटाधारी लार्वा.

दिग्दर्शन तोशिहिरो हिरानो यांचं, पात्ररेखाटन नारुमी काकिनोउची यांचं. पहिल्याच भागात कथेनं क्योतो गाठलंय.

दुसरा भाग सर्वांत सरस. रांका ही शिन्मा शाळकरी मुलांच्या बाहुल्या करते आणि त्यातल्याच एका मुलावर तिचा जीव जडतो. मियूही धुतल्या तांदळासारखी नाही बरं! रक्ताच्या बदल्यात ती माणसाला कायमच्या सुखस्वप्नात ढकलते.

केन्जी कावाई यांच्या संगीतासाठी हेडफोन लावाच. 1997 ची 26 भागांची टीव्ही मालिका नंतर बघा.