शर्यतीच्या मोटारींतील तहान

८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीं कतारमधील लुसैल येथें फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली. सूर्य मावळूनही उष्मा तीस अंशांवर होता. आजारानें आधींच थकलेल्या लोगन सार्जंट या अमेरिकन चालकाला अंगांतील पाणी आटल्यामुळें शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. एस्तेबान ओकॉन हा फ्रेंच चालक शिरस्त्राणांतच ओकला, आणि तरीही सातवा आला!

घाम वाळतो तेव्हां अंग निवतें. परंतु या चालकांच्या अंगावर अग्निरोधक कापडाचे थर असतात. घाम पाझरतो, पण वाळत नाहीं. शरीर बिचारें अधिकच घाम गाळतें, आणि एका शर्यतींत दोन-तीन किलो वजन उतरतें. पाण्याबरोबर मीठही जातें. मग नाडी धांवूं लागते, लक्ष ढळतें, आणि ताशीं तीनशें किलोमीटरच्या वेगांत ढळलेलें लक्ष जिवावर बेतूं शकतें.

गाडींत पाण्याची पिशवी असते, तिची नळी तोंडापर्यंत येते. पण तें पाणी लौकरच चहासारखें तापतें! म्हणून जाणता चालक तहानेची वाट न पाहतां आदल्या दिवसापासूनच क्षारयुक्त पाणी थोडें थोडें पीत राहतो. आयत्या वेळीं तांब्याभर पाणी ढोसून भागत नाहीं. त्यांतलें बरेचसें मूत्रावाटेंच निघून जातें.